ऐकणारा लेखक

[पाठपरिचय : थोर कलावंतांची आत्मचरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु प्रत्येक कलावंत लेखक असतोच असे नाही. अशा वेळी दुसरा एखादा लेखक त्यांच्याजवळ बसतो, त्यांची कहाणी ऐकतो आणि त्यांच्याच शब्दांत लिहून काढतो. प्रस्तुत पाठात डेव्हिड रिट्झ या अमेरिकन संगीत-पत्रकाराच्या कार्याची ओळख करून दिली आहे. दुसऱ्याचे आयुष्य लिहिताना लेखकावर कोणती जबाबदारी असते, हेही या पाठातून समजते.]

विद्यार्थी मित्रांनो, घरोघरी टेलिफोन नव्हते तेव्हाची गोष्ट घरातील मोठ्या माणसांना विचारा. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीबाहेर पत्रे लिहून देणारे लेखनिक बसत असत. गावाहून आलेला मजूर त्यांच्यासमोर बसून बोलत असे आणि लेखनिक ते कागदावर उतरवत असे. पत्र मजुराचे असे, अक्षर लेखनिकाचे असे. पण गावी ते पत्र वाचले जाई तेव्हा त्यातून आईला आपल्या मुलाचाच आवाज ऐकू यावा लागे. तसे झाले नाही, तर लेखनिकाचे काम फसले असे समजावे.

पुस्तकांच्या जगातही असे लेखनिक असतात. उर्दूत ज्याला आपण ‘आपबीती’ म्हणतो, त्याला मराठीत ‘आत्मचरित्र’ म्हणतात. आत्मचरित्रात ‘मी’ बोलत असतो. पण हा ‘मी’ नेहमी स्वतःच लेखणी हातात धरतो असे नाही. एखादा गवई, खेळाडू किंवा नट आपली कहाणी सांगतो आणि दुसरा कोणी ती लिहितो. या कामाला मराठीत ‘शब्दांकन’ असा सुंदर शब्द आहे. मासिकातील एखाद्या लेखाच्या शेवटी ‘शब्दांकन’ असे लिहून पुढे कोणाचे तरी नाव छापलेले तुम्ही पाहिले असेल. त्या नावाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आज आपण अशाच एका नावाची ओळख करून घेऊ.

डेव्हिड रिट्झ यांचा जन्म २ डिसेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांनी टेक्सास विद्यापीठात आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात साहित्याचे शिक्षण घेतले. काही काळ ते जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम करत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या संगीताची त्यांना लहानपणापासून ओढ होती. या संगीताचे ब्लूज, जाझ, गॉस्पेल, सोल असे अनेक प्रकार आहेत. ब्लूजमध्ये कष्टकऱ्यांचे दुःख आहे, तर गॉस्पेल म्हणजे चर्चमधील भक्तिगीते. सोल संगीतात या दोन्हींचा मिलाफ झाला.

रिट्झ यांच्याविषयी एक गोष्ट तुम्हांला नवल वाटायला लावील. ते लहानपणापासून बोलताना अडखळतात. आपल्या तोतरेपणाविषयी त्यांनी स्वतःच अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याच्या तोंडून शब्द सहज फुटत नाहीत, असा माणूस मुलाखती घेण्याचा व्यवसाय निवडतो, हे चमत्कारिक नाही का? पण थोडा विचार करा. मुलाखत घेणाऱ्याचे खरे काम बोलणे हे नसून ऐकणे हे आहे. उर्दूत ‘मुलाकात’ म्हणजे भेट. तोच शब्द मराठीत ‘मुलाखत’ झाला आणि त्याचा अर्थ ‘प्रश्न विचारून माहिती घेणे’ असा झाला. चांगल्या मुलाखतीत मात्र जुना अर्थही शिल्लक असतो. तेथे दोन माणसे खरोखर भेटतात.

१९७० नंतरच्या काळात रिट्झ यांच्या मनात एक इच्छा होती. प्रसिद्ध अंध गायक व पियानोवादक रे चार्ल्स यांच्यावर पुस्तक लिहावे. पण चार्ल्स यांच्यासारख्या मोठ्या कलावंतापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. त्यांचे व्यवस्थापक कोणा अनोळखी लेखकाची दाद लागू देत नव्हते. तेव्हा रिट्झ यांनी एक युक्ती केली. अंध व्यक्ती बोटांनी स्पर्श करून ब्रेल लिपी वाचतात. रिट्झ यांनी ब्रेल लिपीत तारा पाठवल्या. इतर पत्रे दुसरे कोणी तरी चार्ल्स यांना वाचून दाखवत असे. या तारा मात्र त्यांनी स्वतःच्या बोटांनी वाचल्या. दोघांमध्ये तिसरा माणूस राहिला नाही. दार उघडले.

आता प्रश्न होता, पुस्तक कसे लिहायचे? ‘रे चार्ल्स यांचा जन्म अमुक साली झाला, त्यांनी अमुक गीत गायले’ असे चरित्र लिहिता आले असते. ते पुस्तक रिट्झ यांचे झाले असते. पण वाचकाला काय आवडेल? चार्ल्स यांच्याविषयी दुसऱ्याने सांगितलेली माहिती, की स्वतः चार्ल्स यांचे बोलणे? रिट्झ यांनी दुसरा मार्ग निवडला. आपला आवाज मागे ठेवला आणि चार्ल्स यांचा आवाज पुढे आणला. १९७८ साली ‘ब्रदर रे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर रे चार्ल्स आणि डेव्हिड रिट्झ अशी दोघांची नावे होती.

त्या आयुष्यात सांगण्यासारखे पुष्कळ होते. रे चार्ल्स यांचा जन्म १९३० साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात झाला आणि बालपण शेजारच्या फ्लॉरिडा राज्यातील ग्रीनव्हिल या लहान गावात अत्यंत गरिबीत गेले. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. रे सुमारे पाच वर्षांचे असताना त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत कपडे धुण्याच्या टबात बुडून मरण पावला. पुढे रे यांची दृष्टी मंद होत गेली आणि सातव्या वर्षी ते पूर्ण अंध झाले. आईने मात्र त्यांना घरात बसवून ठेवले नाही. ती त्यांच्याकडून घरातील कामे करून घेई, अगदी सरपण फोडण्याचेसुद्धा. डोळे गेले तरी बुद्धी गेलेली नाही, ही तिची शिकवण. सेंट ऑगस्टीन येथील अंध व मूकबधिर मुलांच्या शाळेत ते ब्रेल आणि संगीत शिकले. किशोरवयातच आई गेली आणि रे जगात एकटे पडले.

पुढे ते जगप्रसिद्ध झाले. त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांचा मालकी हक्क स्वतःकडे ठेवण्याचा करार केला. त्या काळी कृष्णवर्णीय कलावंताला असा हक्क मिळणे दुर्मीळ होते. १९६१ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे त्यांचा कार्यक्रम ठरला होता. गोरे श्रोते पुढे नाचणार आणि काळे श्रोते वरच्या सज्जात बसणार, हे कळताच त्यांनी कार्यक्रम रद्द केला. त्यासाठी त्यांना नुकसानभरपाई भरावी लागली. त्याच जॉर्जिया राज्याने १९७९ साली त्यांनी गाऊन गाजवलेले ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले.

पण मित्रांनो, याच चार्ल्स यांना कित्येक वर्षे हेरॉइन या घातक मादक पदार्थाचे व्यसन होते. १९६५ साली उपचार घेऊन त्यांनी ते सोडले. आत्मचरित्रात ही गोष्ट लपवता आली असती. ती लपवली नाही, म्हणून ते पुस्तक खरे वाटते. आईची शिकवण ज्या स्पष्टपणे सांगितली, त्याच स्पष्टपणे व्यसनाची गोष्टही सांगितली.

शब्दांकनाचे हे काम प्रत्यक्षात कसे चालते? वरवर पाहता सोपे वाटते. कलावंताने बोलावे, यंत्राने टेप करावे आणि लेखकाने उतरवून घ्यावे. पण माणूस बोलतो तेव्हा सरळ बोलत नाही. लहानपणाची आठवण सांगताना तो मध्येच कालच्या कार्यक्रमाकडे वळतो. एकच प्रसंग तीन वेळा सांगतो आणि तिन्ही वेळा थोडा थोडा वेगळा सांगतो. वाक्ये अर्धवट राहतात. टेप जसाच्या तसा छापला, तर दहा पानांत वाचक कंटाळेल.

म्हणून लेखक प्रथम सर्व बोलणे कागदावर उतरवून घेतो. मग कोणती आठवण कोणत्या काळातील, हे ठरवतो. साल आणि स्थळ जुन्या वृत्तपत्रांतून, ध्वनिमुद्रिकांवरील माहितीतून पडताळून पाहतो. त्यानंतर सर्वांत कठीण काम येते. बोलणाऱ्याची लय न बिघडवता वाक्ये नीट करायची. तो माणूस लहान लहान वाक्ये बोलत असेल, तर लेखकाने लांबलचक, अलंकारिक वाक्ये लिहिता कामा नयेत. तो कधीही वापरणार नाही असा एक जरी शब्द आला, तरी वाचकाला खटकते. शेवटी लिहिलेला मजकूर त्या व्यक्तीला दाखवावा लागतो. ‘हो, हे मीच बोललो’ असे तिने म्हटले, की काम पुरे झाले.

प्रश्न विचारण्याचीही एक कला आहे. ‘लहानपणी तुम्ही गरीब होता का?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ एवढेच येईल. ‘त्या घरात सकाळी उठल्यावर पहिला आवाज कसला येई?’ असे विचारले, तर कदाचित आईच्या जात्याचा, कोंबड्याचा, पहाटेच्या अजानचा, गिरणीच्या भोंग्याचा आवाज येईल आणि त्यामागून सारे घर उभे राहील. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसता आले पाहिजे. समोरचा माणूस थांबला, तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नये. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच बाहेर येते.

‘ब्रदर रे’ नंतर रिट्झ यांच्याकडे एकामागून एक कलावंत येऊ लागले. स्मोकी रॉबिन्सन यांचे आत्मचरित्र १९८९ साली, गायिका एटा जेम्स यांचे १९९५ साली आणि ब्लूजचे बादशहा मानले गेलेले बी. बी. किंग यांचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. बडी गाय यांचे २०१२ साली व विली नेल्सन यांचे २०१५ साली आले. रिट्झ यांच्या नावावर पन्नासांहून अधिक पुस्तके आहेत. याशिवाय ‘रोलिंग स्टोन’ या प्रसिद्ध संगीत-नियतकालिकात त्यांनी लेखन केले. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनात गायकाची व गीतांची माहिती देणारे लेख असतात, तेही त्यांनी लिहिले. अरेथा फ्रँकलिन यांच्या जुन्या गीतांच्या अशाच एका संचातील लेखांबद्दल इतर लेखकांसमवेत त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ही गीते ‘अटलांटिक’ या कंपनीची होती. न्यूयॉर्कमध्ये १९४७ साली ही कंपनी काढणाऱ्यांपैकी एक होते अहमद एर्तेगुन. ते अमेरिकेतील तुर्कस्तानच्या राजदूताचे पुत्र होते. रे चार्ल्स यांची सुरुवातीची गाजलेली गीतेही याच कंपनीने काढली. संगीताला देशाच्या सीमा नसतात, हे यावरून लक्षात येते.

बी. बी. किंग यांचा जन्म १९२५ साली मिसिसिपी राज्यात झाला. लहानपणी त्यांनी कापसाच्या शेतांत मजुरी केली. १९४९ साली आर्कन्सा राज्यातील एका नृत्यगृहात ते गिटार वाजवत असताना दोन माणसांत मारामारी झाली, शेगडी उलटली आणि आग लागली. सर्व जण बाहेर पळाले. किंगही बाहेर आले, पण गिटार आतच राहिली होती. ती आणण्यासाठी ते पुन्हा आगीत शिरले आणि थोडक्यात वाचले. ती मारामारी ल्युसिल नावाच्या स्त्रीवरून झाली होती, असे त्यांना नंतर कळले. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण राहावी, म्हणून त्यांनी गिटारीचे नावच ‘ल्युसिल’ ठेवले. पुढे आयुष्यभर आपल्या प्रत्येक गिटारीला ते याच नावाने हाक मारत. या किंग यांनाही लहानपणापासून तोतरेपणा होता. गाताना मात्र ते अडखळत नसत. त्यांची कहाणी लिहायला बसलेला लेखकही अडखळणाराच होता. ज्याला स्वतः शब्दांसाठी झगडावे लागते, तो दुसऱ्याच्या शब्दांची किंमत चांगली जाणतो.

आता या कामातील अडचणींकडे वळू. मार्व्हिन गे हे मोठे गायक होते. १९७१ साली त्यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही गीतमाला फार गाजली. युद्ध, गरिबी आणि शहरातील दुःखे त्यांनी त्यात गायिली होती. रिट्झ यांची त्यांच्याशी मैत्री झाली आणि आत्मचरित्राचे काम सुरू झाले. १९८२ साली गे बेल्जियममध्ये राहत असताना त्यांचे एक गीत तयार झाले आणि जगभर गाजले. त्या गीताच्या शब्दांत आपलाही वाटा आहे, असे रिट्झ यांचे म्हणणे होते. पण गीतकार म्हणून त्यांचे नाव छापले गेले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे त्या गीतावर त्यांचे नाव लागले. दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणे जपणाऱ्या लेखकाला स्वतःच्या शब्दांसाठी मात्र न्यायालयात जावे लागले.

त्यानंतर याहून मोठा आघात झाला. १ एप्रिल १९८४ रोजी घरातील भांडणात मार्व्हिन गे यांच्या वडिलांनीच त्यांच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी गे यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. आत्मचरित्र अपुरे राहिले. आता ‘मी’ म्हणणाराच उरला नव्हता. टेपवर त्यांचा आवाज होता, पण लिहिलेले पाहून ‘हो, हे मीच बोललो’ असे म्हणायला ते हयात नव्हते. रिट्झ यांनी काय करावे? त्यांनी गे यांच्या नावाने पुस्तक पुरे केले नाही. त्यांनी स्वतःच्या नावाने चरित्र लिहिले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. ‘मी’च्या जागी ‘तो’ आला. हा बदल लहान दिसतो, पण प्रामाणिकपणाच्या दृष्टीने फार मोठा आहे. ज्याने मान्यता दिली नाही, त्याच्या तोंडी शब्द घालणे योग्य नव्हे.

अरेथा फ्रँकलिन यांच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. १९४२ साली जन्मलेल्या या गायिकेला ‘सोल संगीताची राणी’ म्हणत. वडील नामवंत धर्मोपदेशक होते. अरेथा दहा वर्षांच्या होण्यापूर्वीच आईचे निधन झाले. पुढेही त्यांच्या वाट्याला अनेक दुःखे आली. १९९९ साली रिट्झ यांच्या साहाय्याने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पण त्या पुस्तकात दुःखाचे प्रसंग फारसे नव्हते. ते सांगायला अरेथा तयार नव्हत्या. पुस्तक त्यांचे होते. काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. रिट्झ यांनी तो मानला. पण त्यांचे समाधान झाले नाही.

पंधरा वर्षांनी, २०१४ साली, रिट्झ यांनी अरेथांचे दुसरे पुस्तक लिहिले. या वेळी ते चरित्र होते. त्यात अरेथांची भावंडे, नातेवाईक आणि सहकारी यांनी सांगितलेल्या गोष्टी होत्या. अरेथा यांनी या पुस्तकाचा जाहीर निषेध केला. त्यात खोटे भरले आहे, असे त्या म्हणाल्या. अनेक समीक्षकांनी मात्र पुस्तकाची प्रशंसा केली. २०१८ साली अरेथा यांचे निधन झाले.

तुम्हांला काय वाटते? ज्या लेखकाला एकदा विश्वासाने घरात घेतले, त्याने नंतर त्या व्यक्तीच्या मर्जीविरुद्ध लिहावे का? की थोर कलावंताचे खरे आयुष्य जगाला कळणे अधिक महत्त्वाचे? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एवढे मात्र खरे, की आत्मचरित्र आणि चरित्र यांत फरक आहे. आत्मचरित्रात शेवटचा शब्द सांगणाऱ्याचा असतो. चरित्रात तो लिहिणाऱ्याचा असतो, आणि म्हणून खऱ्याखोट्याची जबाबदारीही त्याचीच असते. वाचकांनी पुस्तक हाती घेताना हा फरक ओळखावा.

शब्दांकनाचे आणखी एक प्रसिद्ध उदाहरण तुम्हांला जवळचे वाटेल. माल्कम एक्स यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे हे मुस्लिम नेते. त्यांचे आत्मचरित्र ॲलेक्स हेली यांनी लिहून काढले. हेली पूर्वी अमेरिकेच्या तटरक्षक दलात होते आणि जहाजावरील सोबत्यांना पत्रे लिहून देत असत. पुढे ते पत्रकार झाले. प्रसिद्ध वादक माइल्स डेव्हिस यांची त्यांनी १९६२ साली घेतलेली मुलाखत गाजली होती. माल्कम एक्स आरंभी स्वतःविषयी काहीच बोलत नसत. ते फक्त आपल्या संघटनेविषयी आणि तिच्या प्रमुखांविषयी बोलत. एके रात्री हेलींनी त्यांना त्यांच्या आईविषयी विचारले, आणि माल्कम एक्स यांनी मन मोकळे केले.

काम चालू असतानाच माल्कम एक्स यांनी ती संघटना सोडली. १९६४ साली त्यांनी हजयात्रा केली. तेथे सर्व वर्णांचे लोक खांद्याला खांदा लावून नमाज पढताना पाहून त्यांचे विचार बदलले. तेव्हा आधीच्या प्रकरणांत संघटनेच्या प्रमुखांची जी स्तुती केली होती, ती बदलावी असे त्यांना वाटले. हेलींनी त्यांना समजावले. आधीचे विचार तसेच राहू द्या, म्हणजे तुम्ही कसे बदललात हे वाचकाला दिसेल. माल्कम एक्स यांनी ते ऐकले. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांची हत्या झाली. पुस्तक त्याच वर्षी पुढे प्रसिद्ध झाले, आणि आजही ते जगभर वाचले जाते. चांगला शब्दांकनकार केवळ लिहून घेत नाही. प्रसंगी तो सांगणाऱ्याला स्वतःशी प्रामाणिक राहायला मदत करतो.

रिट्झ यांच्याविषयी आणखी एक प्रश्न विचारला जातो. ते स्वतः गोरे आहेत आणि त्यांनी लिहिलेल्या बहुतेक कहाण्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या आहेत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या कलेवर इतरांनी पैसा मिळवला आणि कलावंत मात्र गरीब राहिले, असे अनेकदा घडले आहे. म्हणून हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर प्रत्येक पुस्तकाने द्यायचे असते. सांगणाऱ्याचे नाव वर आहे का? त्याला योग्य मोबदला मिळाला का? पानापानांतून त्याचाच आवाज ऐकू येतो का? तसे असेल, तर लेखक कोणत्या वर्णाचा आहे हे वाचक विसरतो. तसे नसेल, तर लेखक कितीही जवळचा असला तरी उपयोग नाही.

विद्यार्थी मित्रांनो, रे चार्ल्स २००४ साली गेले आणि बी. बी. किंग २०१५ साली गेले. त्यांची गीते ध्वनिमुद्रिकांमुळे राहिली. त्यांचे बोलणे मात्र कोणी तरी वेळीच समोर बसून ऐकले, म्हणून राहिले. आपल्याही मोहल्ल्यात असे किती तरी आवाज आहेत. कोणी हातमागावर आयुष्य घालवले आहे, कोणी कव्वालीच्या मैफलीत ढोलक वाजवली आहे, कोणी गोदीत ओझी वाहिली आहेत. त्यांची आत्मचरित्रे कोणी प्रकाशक मागायला येणार नाही. वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसायला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो आणि ऐकण्याची तयारी लागते.

शब्दार्थ

शब्दांकन – एकाने सांगितलेले दुसऱ्याने लिहून काढणे
आत्मचरित्र – स्वतःच्या आयुष्याची कहाणी, आपबीती
चरित्र – दुसऱ्याने लिहिलेली जीवनकथा
लेखनिक – सांगितलेले लिहून देणारा, मुन्शी
मिलाफ – एकत्र येणे
सरपण – जळणाचे लाकूड
सज्जा – सभागृहातील वरची बैठक
वेष्टन – वरचे आवरण
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा, मुआवजा
आघात – मोठा धक्का, सदमा
हयात – जिवंत
समीक्षक – गुणदोष सांगणारा जाणकार, नक्काद

वाक्प्रचार

दाद लागू न देणे – जवळ येऊ न देणे
मन मोकळे करणे – मनातील सर्व सांगणे
तोंडी शब्द घालणे – न बोललेले बोलले असे दाखवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डेव्हिड रिट्झ यांचा जन्म केव्हा व कोठे झाला?
(२) रिट्झ यांनी रे चार्ल्स यांना कोणत्या लिपीत तारा पाठवल्या?
(३) बी. बी. किंग यांच्या गिटारीचे नाव काय होते?
(४) माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र कोणी लिहून काढले?

प्र. २. कारणे लिहा.
(१) रे चार्ल्स यांनी १९६१ साली ऑगस्टा येथील कार्यक्रम रद्द केला.
(२) मार्व्हिन गे यांचे आत्मचरित्र लिहिण्याऐवजी रिट्झ यांनी चरित्र लिहिले.
(३) टेप केलेले बोलणे जसेच्या तसे छापता येत नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) शब्दांकनाचे काम कोणत्या क्रमाने चालते?
(२) ॲलेक्स हेली यांनी माल्कम एक्स यांना कोणता सल्ला दिला? तो तुम्हांला योग्य वाटतो का?
(३) अरेथा फ्रँकलिन यांच्याविषयी दुसरे पुस्तक लिहिणे योग्य होते का? तुमचे मत सकारण लिहा.

प्र. ४. पुढील वाक्ये ‘मी’ वापरून, म्हणजेच आत्मचरित्राच्या पद्धतीने, पुन्हा लिहा.
(१) किंग पुन्हा आगीत शिरले आणि थोडक्यात वाचले.
(२) रे सेंट ऑगस्टीनच्या शाळेत ब्रेल आणि संगीत शिकले.
(३) हेली जहाजावरील सोबत्यांना पत्रे लिहून देत असत.

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मन मोकळे करणे, तोंडी शब्द घालणे, खांद्याला खांदा लावणे

उपक्रम : आपल्या दादी, नानी किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांच्या बालपणाविषयी पाच प्रश्न विचारा. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारू नका. त्यांची हकिकत ‘मी’ वापरून मराठीत एक पानभर लिहा. लिहिलेले त्यांना समजावून सांगा, त्यांनी सुचवलेले बदल करा आणि शेवटी ‘शब्दांकन’ असे लिहून पुढे आपले नाव लिहा.